अमेरिकेतला ‘साउथ एशियन स्टडीज’ मायनर: घ्यावा का, आणि घेतला तर कसा

मी सांगलीची. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात मी संख्याशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळवली आणि त्याच्या जोडीने ‘साउथ एशियन स्टडीज’, म्हणजे दक्षिण आशियाचा अभ्यास, हा मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीने घ्यायचा दुय्यम विषय, पूर्ण केला. बारावीनंतर तिकडे पदवीला जाऊ पाहणाऱ्या ओळखीच्या मुलांचे पालक मला हटकून दोन प्रश्न विचारतात: हा मायनर कशासाठी घेतलास, आणि आपल्याच मुलखाबद्दल शिकायला सातासमुद्रापार जायची गरज काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहिते आहे. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा मायनरची घडण बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि माझी तक्रार रचनेबद्दल आहे, माणसांबद्दल नाही.

आधी रचना सांगते. माझ्या मायनरला २० क्रेडिट लागत होते. त्यांतले ८ क्रेडिट दक्षिण आशियातल्या कोणत्याही एका भाषेच्या दोन सत्रांसाठी होते. उरलेल्या १२ मध्ये एक परिचयाचा कोर्स, दोन वेगवेगळ्या विभागांतले दोन निवडीचे कोर्स आणि शेवटच्या वर्षी ज्याला तिथे ‘कॅपस्टोन’ म्हणतात ते संशोधनाचे चर्चासत्र. निवडीच्या यादीत इतिहास, भूगोल, मानववंशशास्त्र, धर्म, सार्वजनिक आरोग्य, साहित्य, राज्यशास्त्र असे नऊ-दहा विभाग होते. म्हणजे या मायनरचा स्वतःचा असा विभाग जवळजवळ नसतोच. वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक आपापले कोर्स एका छत्राखाली आणून ठेवतात आणि त्यांचा मेळ घालायचे काम विद्यार्थ्यावर येऊन पडते. या मायनरचे सगळे बळ याच गोष्टीत आहे आणि सगळी अडचणही याच गोष्टीत आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. भाषेची सवलत न घेता आणि एखादा प्रश्न मनाशी धरून सगळे कोर्स त्याच्याभोवती निवडले, तर हा मायनर फार मोलाचा आहे. ज्याने वेळापत्रकात बसतील ते सहा कोर्स उचलले, त्याच्या हाती सहा सुटी टिपणे राहतात आणि गुणपत्रिकेवर एक ओळ वाढते. मी पहिल्या सत्रात दुसऱ्या वाटेने निघाले होते. परिचयाच्या कोर्समध्ये सिंधू संस्कृतीपासून सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेपर्यंत पंधरा आठवड्यांत धावत गेलो, आणि त्यातले मला आज फारसे काही आठवत नाही. सार्कची स्थापना डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्याला झाली, अफगाणिस्तान २००७ मध्ये आठवा सदस्य झाला आणि २०१४ च्या काठमांडूच्या परिषदेनंतर या संघटनेची शिखर परिषद भरलेली नाही, एवढे तेव्हा वहीत लिहिले होते. ज्या प्रदेशाची स्वतःची संघटना अशी ठप्प आहे, तो प्रदेश ‘एक’ कशाच्या आधारावर मानायचा, हा खरा प्रश्न त्या कोर्सने विचारायला हवा होता. तो मला पुढे भूगोलाच्या वर्गात भेटला.

तो कोर्स होता दक्षिण आशियातल्या नद्यांवर. सांगलीच्या मुलीला नदीबद्दल काय सांगायचे, असे मला वाटत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी किती फुटांवर गेली हे पावसाळ्यात दर तासाला विचारणाऱ्या घरात मी वाढले. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी आले तेव्हा मोठी माणसे कोयनेच्या विसर्गाबद्दल आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल जे बोलत होती, ते दोन राज्यांच्या भांडणाच्या भाषेतले बोलणे होते. या वर्गात पहिल्यांदा मला नदी ही वाटणीची, मोजमापाची आणि कागदपत्रांची गोष्ट म्हणून दिसली, आणि हे सगळे कृष्णेपेक्षा कितीतरी मोठ्या पटावर दिसले.

एका तासाचे वर्णन करते, म्हणजे शिकवण्याची पद्धत कळेल. प्राध्यापकांनी वर्गाचे दोन गट केले, एक भारत आणि एक बांगलादेश, आणि प्रत्येकाच्या हाती १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराचे परिशिष्ट दिले. हा करार पश्चिम बंगालमधल्या फराक्का धरणापाशी १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांत येणाऱ्या पाण्याचा आहे. प्रवाह ७० हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५ हजार आणि उरलेले भारताला. ७५ हजारांच्या वर गेला तर भारताला ४० हजार आणि उरलेले बांगलादेशाला. इथवर गणित सोपे आहे. पण ११ मार्च ते १० मे या सर्वांत टंचाईच्या काळात दहा-दहा दिवसांच्या पाळ्या लावून आलटून-पालटून एकेका देशाला ३५ हजार क्युसेकची हमी दिलेली आहे. आम्हाला फळ्यावर एकच आकडा दिला: ५५ हजार. आमची पाळी नसलेल्या दहा दिवसांत भारताच्या गटाच्या वाट्याला २० हजार आले. कोलकाता बंदराचा गाळ वाहून न्यायला हुगळीत पाणी सोडायचे म्हणून तर फराक्का बांधले गेले आणि १९७५ मध्ये सुरू झाले. आता या २० हजारांत काय काय भागवायचे ते सांगा, असा प्रश्न. पुढच्या दहा दिवसांत हीच पाळी समोरच्या गटावर आली, आणि त्यांच्याकडे खुलनाच्या बाजूला समुद्राचे खारे पाणी आत शिरत होते. प्रवाह ५० हजारांच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी ताबडतोब सल्लामसलत करावी, एवढेच करारात आहे. त्या वाक्यापाशी येऊन आमचा वर्ग थांबला, कारण पुढे काय करायचे ते कुठेच लिहिलेले नाही. या कराराची मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे, हे त्या दिवशी कळले तेव्हा कागद एकदम ताजा वाटू लागला.

त्याच सत्रात सिंधू पाणीवाटप करार शिकलो. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत झालेल्या या कराराने रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडच्या नद्या भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या नद्या मुख्यत्वे पाकिस्तानला दिल्या. तिकडे अख्ख्या नद्या वाटल्या, इकडे एकाच नदीचे दिवस वाटले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू करार स्थगित ठेवल्याची घोषणा केली, तेव्हा घरच्या गटावर आलेले निम्मे निरोप भावनेच्या भरात होते. मला मात्र धरणांची साठवण किती, कालवे कुठे आहेत, पाणी अडवायला आणि वळवायला किती वर्षांचे बांधकाम लागेल, असे प्रश्न सुचत गेले. भूगोलाचा, कायद्याचा आणि इतिहासाचा माणूस एकाच टेबलावर बसल्याशिवाय हे प्रश्न सुचत नाहीत. मला वाटते, आंतरविद्याशाखीय हा जड शब्द ज्या कामासाठी वापरतात ते काम हेच.

मग मी मनाशी ठरवले की पुढचे सगळे कोर्स पाणी आणि माणसाचे शरीर यांच्याभोवती घ्यायचे. त्यातून सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचा कोर्स हाती लागला, आणि या मायनरमधला तो माझा सर्वांत आवडता. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, त्या मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाची कथा मला तिथे कळली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलऱ्याने थैमान घातले. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचे शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे बनवून ती पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायला सुरुवात केली आणि पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपवले. जिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते तिथे ते प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले. ग्लुकोज असेल तर आतड्याची भिंत मीठ आणि त्याच्या पाठोपाठ पाणी आत ओढून घेते, हे शरीरशास्त्र त्याआधी प्रयोगशाळांतून कळलेले होते. त्यावर ढाक्याच्या आणि कोलकात्याच्या कॉलरा संशोधन केंद्रांनी काम केलेले होते. पण छावणीत, डॉक्टर आणि नर्सेसवाचून, एका आईने वाटीने पाजलेले पाणी पुरते, हे त्या युद्धाच्या दिवसांत सिद्ध झाले.

कोर्स इथे थांबला असता तरी चांगला ठरला असता. पण प्राध्यापिकांनी पुढचा प्रश्न विचारला: पाकीट नसलेल्या घरात काय? त्याचे उत्तर बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने दिले. १९८० पासून दहा वर्षे त्यांच्या कार्यकर्त्या खेडोपाडी घरोघर गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढे बायकांना हाताने करायला शिकवले. सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत हा गूळ-मिठाचा धडा पोचला. वर्गात आम्ही प्रत्यक्ष चिमटी आणि मूठ घेऊन वजन केले. माझ्या मुठीतला गूळ आणि शेजारच्या उंचापुऱ्या मुलाच्या मुठीतला गूळ यांत बराच फरक निघाला, आणि संख्याशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला लगेच प्रश्न पडला की हा फरक किती चालतो. ब्रॅकच्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता. शिकवून गेल्यावर काही दिवसांनी दुसरी व्यक्ती जाऊन त्या घरातल्या बाईकडून द्रावण करवून घेई, त्याचा नमुना तपासणीला जाई आणि शिकवणारीचे मानधन त्या तपासणीवर अवलंबून असे. पगाराच्या हिशोबात विज्ञान असे बसवलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. माझ्या मुख्य विषयाचे आणि मायनरचे खरे मीलन त्या दिवशी झाले, आणि माझा कॅपस्टोनचा निबंध याच तपासणी पद्धतीवर होता.

आता भाषेबद्दल. प्रवेशाच्या वेळीच सल्लागारांनी मला सांगितले की तुझी मातृभाषा मराठी आहे आणि हिंदी येते, तेव्हा भाषेच्या ८ क्रेडिटची अट तुला माफ होईल. फॉर्मवर सही कर आणि त्या जागी दुसरे कोर्स घे. भारतातून आलेली बहुतेक मुले ही सही करतात. मी केली नाही आणि उर्दू घेतली, आणि आज कोणी एकच सल्ला मागितला तर मी हाच देईन. उर्दू घेण्यामागे माझा काही मोठा विचार नव्हता. बोललेली बरीचशी समजते, मग लिपी शिकली की झाले, असा सोपा हिशोब होता. लिपी यायला सहा आठवडे लागले. सातव्या आठवड्यात धड्यात ‘मजकूर’ हा शब्द आला. मी मराठीतला अर्थ सांगितला, लिहिलेला मजकूर. बाईंनी मान हलवली: उर्दूत मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख आधी झाला आहे तो. आणि मला एकदम आजोबांच्या जुन्या कागदांतले ‘मौजे मजकूर’ आठवले. लहानपणी मला ते गावाचे नाव वाटायचे. त्याचा अर्थ ‘वर सांगितलेले गाव’ असा होता, हे मला अमेरिकेतल्या एका तळघराच्या वर्गात, वयाच्या विसाव्या वर्षी कळले.

त्यानंतर शब्द गोळा करायचा नादच लागला. बाजू म्हणजे फारसीत बाहू. तपशील, जाहीर, अर्ज, तारीख हे तर उघडच दिसतात. इरसाल म्हणजे मुळात सरकारी खजिन्याकडे रवाना केलेला भरणा, आणि आपण तो शब्द कुठल्या कुठे नेला. फडणवीस म्हणजे फर्द, म्हणजे यादीचा कागद, लिहिणारा. चिटणीस म्हणजे चिठ्ठी लिहिणारा. सुटीत घरी आले तेव्हा मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी वाचून दिलेल्या आमच्या एका कागदावरचा सन मी बाईंना फोटो काढून पाठवला: ‘सबा खमसैन मया व अलफ’. त्यांनी अरबी अंक फोडून दाखवले: सात, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११५७, इसवी सनाच्या हिशोबाने १७५६-५७. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्यानंतर पाऊणशे वर्षांनीही मराठी कारकून आपला सन अरबी अंकांत लिहीत होता, हे घरच्या कागदाने शिकवले. भाषा घेतली नसती तर मला दक्षिण आशिया म्हणजे शेजारच्या देशांची यादी वाटत राहिली असती. तो माझ्या तोंडातच आहे, हे त्या वर्गात समजले.

ग्रंथालयाबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण या मायनरची ती न दिसणारी बाजू आहे. आमच्या ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावर मराठी पुस्तकांच्या रांगा होत्या. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची १९६० च्या दशकातली पुस्तके, कथासंग्रह, सहकारी साखर कारखान्यांवरच्या पुस्तिका, दिवाळी अंक; पुष्कळांच्या आत ‘पीएल ४८०’ असा शिक्का. माझ्या आजीला विचारले तर ती पीएल ४८० म्हटल्यावर रेशनवरची लाल मिलो ज्वारी सांगते. ती बरोबरच सांगते. १९५४ च्या या अमेरिकी कायद्याखाली आपल्याकडे धान्य आले आणि त्याचे पैसे भारताने रुपयांत दिले. ते रुपये इथेच पडून राहिले, आणि १९५८ च्या दुरुस्तीनंतर त्यातला काही भाग पुस्तके विकत घेण्यासाठी वापरायची परवानगी मिळाली. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयातून भारतीय भाषांतली पुस्तके जहाजाने अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे जाऊ लागली. ज्या मिलोच्या भाकरीला आजी अजून नाक मुरडते, तिच्याच मोलातून ही पुस्तके तिथे पोचली, हे कळल्यावर मी त्या रांगेसमोर बराच वेळ उभी राहिले. आमच्या मायनरसारखे अभ्यासक्रमही त्याच काळात रुजले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी १९४८ मध्ये दक्षिण आशियाचा विभाग उभा केला होता. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परक्या भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळाला. या ज्ञानाच्या मुळाशी संरक्षणाची गरज होती, आणि चांगला प्राध्यापक हे पहिल्याच तासाला सांगतो. आमच्या प्राध्यापकांनी सांगितले.

महाराष्ट्राशी या परंपरेचे नाते त्याहून जवळचे आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये सुरू झाली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात अनेक वर्षे इतिहास शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध लिहिला, तेव्हा या विषयाकडे इंग्रजीत फारसे कोणी वळलेले नव्हते. म्हणूनच मला एका गोष्टीचा फार राग आला: आमच्या परिचयाच्या कोर्समध्ये जात हा विषय एका आठवड्यात, एका ‘सामाजिक समस्या’ या मथळ्याखाली उरकला होता. ज्योतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे त्या वर्गातल्या अमेरिकी मुलांना सांगायला किती सोपे होते! डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात आले, ही तर त्यांच्याच देशातली घटना. मी हे चर्चेत मांडले तेव्हा प्राध्यापकांनी मोकळेपणाने मान्य केले आणि पुढच्या वर्गात मलाच वीस मिनिटे दिली. वीस मिनिटे पुरली नाहीत. नंतर मानववंशशास्त्र विभागात वंश आणि जात यांवरचा एक पूर्ण कोर्स मला मिळाला आणि तो उत्तम होता, पण तो मी आधीच पदवीच्या सामान्य अटींत मोजलेला असल्यामुळे मायनरला मोजला गेला नाही. एक कोर्स दोन ठिकाणी मोजायचा नाही, हा नियम कागदावर समजण्यासारखा आहे. पण ज्या मायनरचा सगळा भर विभाग ओलांडण्यावर आहे तिथे तो जाचक ठरतो. तेव्हा कोर्स घेण्यापूर्वी तो कुठे मोजला जाणार आहे हे लेखी घ्यावे.

दुसरा दोष असा की दक्षिण आशिया म्हणताना बहुतेक वेळा भारतच शिकवला जातो, आणि त्यातही उत्तर भारत. नेपाळ, श्रीलंका यांना प्रत्येकी दोन-तीन तास. मालदीवचा उल्लेख फक्त समुद्राची पातळी वाढण्याच्या संदर्भात. भूतान म्हणजे आनंदाचा निर्देशांक. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांबद्दल मी स्वतः शोधून वाचले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने बिनदेशाची झालेली ही माणसे, आणि १९६४ च्या सिरिमा-शास्त्री कराराने त्यांची केलेली वाटणी: सव्वापाच लाख भारताला, तीन लाख सिलोनला, उरलेल्या दीड लाखांचा निर्णय पुढे. पाण्याचे क्युसेक वाटताना जी भाषा वापरली तीच माणसे वाटताना वापरलेली आहे, हे वर्गात कोणी जोडून दाखवले नाही. अशी जोडणी करून देणे हे मायनरचे काम होते.

याची काहीशी भरपाई झाली ती कॅम्पसबाहेर. कॅपस्टोनच्या सत्रात आम्हाला जवळच्या शहरातल्या नेपाळीभाषक भूतानी कुटुंबांकडे नेले होते. १९९० च्या सुमारास भूतानमधून बाहेर काढली गेलेली ही माणसे अठरा-वीस वर्षे पूर्व नेपाळातल्या छावण्यांत राहिली आणि २००८ पासून मोठ्या संख्येने अमेरिकेत वसवली गेली. ज्या घरी मी गेले तिथल्या आजींनी चहा दिला, गुंद्रुक, म्हणजे आंबवलेली पालेभाजी, वाळत घातलेले ताट दाखवले आणि नेपाळीत काही विचारले. माझ्या हिंदीच्या आधाराने मला निम्मे कळले: तुझ्या गावी जायला तुला परवाना लागतो का? मी नाही म्हटले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, कारण त्यांना माझे उत्तर खरे वाटले नसावे. आनंदाच्या निर्देशांकावरचा आमचा तास मला त्या क्षणी फार अपुरा वाटला. ही एकच भेट होती, दोन तासांची, आणि तिची तयारी म्हणून आम्हाला नेपाळीचे चार शब्दसुद्धा शिकवले नव्हते. असा उपक्रम पहिल्या वर्षी असायला हवा, आणि त्याला किमान एक सत्र द्यायला हवे.

कॅपस्टोनबद्दल एवढेच म्हणेन की मार्गदर्शकावर सगळे अवलंबून असते. आमच्या चर्चासत्रात कोणी मुघल चित्रांवर लिहीत होते, कोणी मतदानावर, आणि एकमेकांचे काम वाचून नेमके काही सांगता येईल अशी समान भूमी कोणाकडेच नव्हती. यादीतले अनेक कोर्सही केवळ यादीतच असतात. तमिळ शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांची जागा भरलेली नव्हती, आणि तरीही माहितीपत्रकात तमिळ होतीच. प्रवेश घेण्यापूर्वी मागच्या चार सत्रांत प्रत्यक्ष कोणते कोर्स चालले ते तपासावे. ही माहिती विद्यापीठांच्या वेळापत्रकात खुली असते.

व्यवहाराचे बोलायचे तर मायनरसाठी मला वेगळे शुल्क पडले नाही, कारण आमच्याकडे १२ ते १८ क्रेडिटपर्यंत सत्राचे शुल्क एकच होते. हे सगळीकडे असेच असते असे नाही, म्हणून आधी विचारावे. भाषा आणि प्रदेश अभ्यासासाठीची अमेरिकी सरकारी शिष्यवृत्ती फक्त तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांनाच असते. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी तिच्या आशेवर राहू नये. शिक्षणानंतर कामाची जी २४ महिन्यांची वाढीव मुभा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मिळते ती मुख्य विषयावर ठरते, मायनरने ती मिळतही नाही आणि जातही नाही. नोकरीच्या मुलाखतीत कोणी मायनरबद्दल विचारले का, तर एकदाच. आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या एका गटाने विचारले, आणि मी त्यांना चिमूट-मुठीच्या तपासणीचा निबंध दाखवला. त्याच गटात मी आज काम करते. सर्वांच्या बाबतीत असे होईल असे मी म्हणणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही मेजर आणि मायनर हे शब्द रुळले आहेत, आणि मला कोणी विचारले की इथे असा प्रदेश-अभ्यासाचा मायनर निघाला तर घ्यावा का, तर मी आधी दोन गोष्टी पाहीन. त्यात त्या प्रदेशातली एक भाषा सक्तीची आहे का? आणि दोन विभागांचे शिक्षक निदान एका कोर्ससाठी तरी एकाच वर्गात उभे राहतात का? मिरजेत बसून बंगाली किंवा सिंहली शिकता आली आणि शेजारच्या खोलीतला भूगोलाचा शिक्षक कृष्णेच्या पाण्यापासून सुरुवात करून फराक्क्यापर्यंत घेऊन गेला, तर त्यासाठी कोणाला मिडवेस्टच्या थंडीत जायची गरज नाही. तिकडे जाणाऱ्यांनी मात्र पहिल्याच आठवड्यात सल्लागाराने पुढे केलेला तो भाषा-सवलतीचा फॉर्म कोरा परत द्यावा, आणि वेळापत्रकात जी भाषा आपल्याला वाचता येत नाही तिच्यासमोर खूण करावी.